झे. बदली

काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका ट्रक ड्रायव्हरशी पाण्यावरून वाद घालत होते. श्रावणातली सर येऊन गेली होती. माल भरून निघालेली गाडी वजनकाट्यावर उभी होती आणि पासिंगपेक्षा, म्हणजे परवानगीच्या वजनापेक्षा, थोडी जड भरत होती. ड्रायव्हरचं म्हणणं, जास्तीचं वजन मालाचं नाही, ताडपत्रीवर साचलेल्या पाण्याचं आहे, ते सोडून द्या आणि पावती फाडा.

"पाणी पण वजनच आहे," काका खिडकीतून म्हणाले. "ताडपत्री झाड आणि गाडी पुन्हा काट्यावर घे. मी तोंडाने कमी करणार नाही."

ड्रायव्हर शिव्या पुटपुटत वर चढला. घागरभर पाणी खाली सांडलं, गाडी मागे जाऊन पुन्हा काट्यावर आली आणि वजन बरोबर बसलं. आता ड्रायव्हर काकांना चार शब्द ऐकवणार असं मला वाटलं. त्याच्या आधी काकाच म्हणाले, "तुझं खरं होतं रे. पण आता ते कागदावर आहे."

रोह्याजवळ धाटावला आमची केमिकलची कंपनी होती. नव्वदीच्या सुरुवातीला मी तिथे लॅबमध्ये लागलो. काट्यावर येणाऱ्या गाड्यांचे नमुने काढणं माझ्याकडे होतं, त्यामुळे दिवसातले दोन-तीन तास काकांच्या खोलीत जायचे. काका काट्यावरचे कारकून, सगळी कंपनी त्यांना काकाच म्हणायची. राहणारे पेणचे. सकाळच्या पहिल्या एसटीने नागोठण्यावरून यायचे, संध्याकाळी परत. लग्न केलेलं नव्हतं. पेणला घरी मोठी बहीण होती, तिला सगळे आक्का म्हणायचे. खिशाला दोन पेनं, एक काळ्या शाईचं आणि एक लाल. निळ्या शाईवर त्यांचा विश्वास नव्हता. उन्हात उडते म्हणायचे.

त्यांचा पेटंट प्रश्न एकच होता. "कागद आहे का?" कोणी म्हटलं की कोलाडच्या पुलाचं काम पुन्हा अडलं, तर काका विचारणार, कागद आहे का? कँटीनवाल्याने सांगितलं की मुलीचं जमलं, तरी तेच. कँटीनवाला बिचारा दुसऱ्या दिवशी पत्रिकेचं प्रूफ घेऊन आला. काकांनी ते नीट वाचलं, त्यातल्या दोन चुका काढल्या आणि मग अभिनंदन केलं. एकदा खुद्द मॅनेजरसाहेबांनी एका गाडीचं वजन जरा सांभाळून लिहायला सांगितलं होतं. काकांनी पेन त्यांच्यापुढे धरलं. म्हणाले, "तुम्ही लिहा साहेब. खाली सही पण तुमचीच करा." साहेबांनी पेन घेतलं नाही. पुन्हा कधी तसं सांगितलंही नाही.

अशा माणसाने आयुष्यातली वीस-बावीस वर्षं कशात घालवावीत? देशात पाच विभागांची एक एकदिवसीय स्पर्धा असते. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम आणि मध्य. त्या स्पर्धेचा इतिहास काका लिहीत होते.

क्रिकेटवेडी माणसं मी पुष्कळ पाहिली. विश्वचषकाच्या दिवसांत आमच्या कँटीनमध्ये टीव्हीसमोर उभं राहायला जागा नसायची, शिफ्ट संपलेली माणसं घरी जायची नाहीत. काका तेव्हा एकटे काट्यावर बसलेले. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "तिकडे बघायला अख्खा देश आहे. माझ्यावाचून काय अडलंय?"

"मग तुम्हाला त्या विभागांच्या मॅचमध्ये काय एवढं दिसतं?"

"तिथे कोणी नसतं म्हणून," ते म्हणाले. "रिकाम्या मैदानात खेळतात रे ती मुलं. तीही शंभर शंभर काढतात, तेही पडतात, हात मोडून घेतात. दुसऱ्या दिवशी पेपरात तीन ओळी. चौथ्या दिवशी त्याच पेपरात भजी. कोणीतरी लिहून ठेवायला नको?"

त्यांच्याकडे कापडी पुठ्ठ्याच्या लांबड्या वह्या होत्या. प्रत्येक सामन्याला दोन पानं. डावीकडे धावफलक काळ्या शाईने, उजवीकडे शेरे लाल शाईने. स्पर्धा साठ षटकांची होती तिथपासून ती पन्नासची झाली तिथपर्यंत, पूर्वी चार सामन्यांत आटपायची तिथपासून आता सगळे सगळ्यांशी खेळायला लागले तिथपर्यंत. पेपरातला फलक ते तसाच उतरवत नसत. आधी बेरीज करायचे. फलंदाजांच्या धावा आणि अवांतर मिळून एकूण जुळली नाही, तर त्या दिवशी त्यांच्या डब्यातली पोळी तशीच परत जायची. चार धावांचा फरक आठवडाभर डोक्यात घेऊन फिरायचे. मग दुसरा पेपर, तिसरा पेपर, संपादकांना कार्ड. संपादकांचं उत्तर कधी आल्याचं मला माहीत नाही.

जुन्या सामन्यांचे पेपर आणायचे कुठून? हे कोडं त्यांनी जसं सोडवलं होतं तसं पेणचाच माणूस सोडवू शकतो. पेणजवळ हमरापूरला घरोघरी गणपती होतात. मूर्ती बांधायला रद्दी लागते, आणि ती मुंबईहून ट्रकने येते. सोंड आणि पोट यांच्यामध्ये, हातांच्या खाली, कानांच्या मागे कागदाचे बोळे भरतात, नाहीतर रस्त्यातल्या खड्ड्यांनी मूर्ती मोडते. तेव्हा मुंबईतली कितीतरी वर्षं त्या कारखान्यांत येऊन पडलेली असायची. काका सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन गोणपाटावर बसायचे आणि गठ्ठे उलगडायचे. खेळाचं पान बाजूला. बाकीच्या कागदांचे मापात तुकडे करून, थप्पी लावून ठेवायचे. ही त्यांची मजुरी.

ते ज्या कारखान्यात बसायचे तो सुमनताईंचा. सुमनताई मूर्तींचे डोळे आखायच्या आणि त्यांची जीभ हातापेक्षा जलद चालायची. मी पहिल्यांदा काकांबरोबर गेलो तेव्हा त्या मला म्हणाल्या, "यांच्या नादाला लागलास व्हय? लगीन झालंय का? नाय ना? मग आता काय होत नाय."

आता हिराजीबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय काका पुरे होत नाहीत.

हिराजी काकांचा शाळेतला मित्र. पेणच्या खाडीकडच्या गावातला, घरचं मिठागर. उंच, काळा, खांदे मोठे. तरुणपणी काही वर्षं मुंबईला जाऊन एका मैदानावर माळीकाम करत होता. पिचवर रोलर ओढायचा आणि रविवारी कुठल्यातरी क्लबाकडून खेळायचा. बाप गेल्यावर परत आला आणि मिठात उतरला. त्याची एक गोष्ट होती, ती पेण तालुक्यात सगळ्यांना पाठ होती.

पश्चिम विभागाचा सामना त्याच्या मैदानावर होता. आदल्या दिवशीच्या जेवणात काहीतरी बाधलं, पश्चिमचे दोन खेळाडू आडवे झाले. एकाच्या जागी बारावा गेला. दुसऱ्याच्या जागी जायला कोणी नव्हतं. तेव्हा क्लबात हिराजीला खेळताना बघितलेल्या कोणीतरी त्याच्याकडे बोट दाखवलं. कोणाचा तरी पांढरा शर्ट, कोणाचे तरी बूट घालून हिराजी सीमारेषेवर उभा राहिला.

"बूट मोठं होतं," तो सांगायचा. "आत पेपर कोंबलेला. बॉल उडाला तो सुर्व्यात. मना दिसंना. बॉल माज्याकडं आला नाय, मीच गेलो त्याच्याकडं. हातात बसला तवा कलला. क्याप्टन धावत आला, पाठीवर थाप मारलान, नाव काय म्हून इचारलान. पन मी सांगायच्या आत दुसरा बॅट्समन आला."

गोष्ट इथे संपायची आणि लोक हसायचे. गावात कोणी थापा मारायला लागलं की म्हणत, हा हिराजीचा झेल. लग्नात, ग्रामपंचायतीत, एसटीत. हिराजीच्या पोरांना शाळेतसुद्धा ऐकावं लागायचं. हिराजी स्वतःही हसायचा. पण काकांसमोर हसायचा नाही. काकांनी वीस वर्षांत ती गोष्ट खरी म्हटली नव्हती आणि खोटीही म्हटली नव्हती. कागद नव्हता.

तो कागद एका वैशाखात निघाला. मी तिथेच होतो. कुठल्यातरी वाचनालयाने जुने अंक विकायला काढले होते आणि त्यांचा अख्खा ट्रक हमरापूरला आला होता. दारात गुजरातची गाडी भरत होती. काका गठ्ठ्यातून मान वर करून सहज बघायला गेले आणि बांधून ठेवलेल्या एका मूर्तीच्या काखेत त्यांची नजर अडकली. बोळ्याचा एक कोपरा बाहेर होता.

"सुमन, ही मूर्ती सोड गो."

"काका, गाडी उभी हाय दारात. बांदून झाली ती."

"एवढी एकच सोड."

"आन् हात मोडला तर?"

"तर ती मी घरी नेतो."

"मोडकी बसवतात व्हय?" असं म्हणत सुमनताईंनी ब्रश खाली ठेवला, सुतळी सैल केली आणि दोन बोटांनी तो बोळा ओढून काढला. काकांनी तो मांडीवर ठेवून तळहाताने सरळ केला. खालचा भाग फाटून गेलेला. वर फलक होता, हिराजीच्या मैदानावरच्या सामन्याचा. पश्चिम विभागाचं क्षेत्ररक्षण. समोरच्या संघाच्या सहाव्या फलंदाजापुढे छापलं होतं, 'झे. बदली'.

अकरा जणांबाहेरच्या कोणीही, अगदी बाराव्यानेसुद्धा, झेल घेतला की पेपरात असंच येतं. घेणाऱ्याचं नाव नाही, नुसतं बदली. काकांनी मला बेरीज तपासायला दिली. बेरीज जुळली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिठागरावर गेलो. ऊन असं की मिठाच्या ढिगांकडे बघवत नव्हतं. हिराजी लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत होता. काकांनी कागद दाखवला तसा तो बांधावर बसला.

"म्हंजी लिवलाय?"

"झेल लिहिलाय," काका म्हणाले. "नाव नाही."

"नाव नाय? मग कोनाचा लिवलाय?"

"बदली."

"बदली म्हंजी मीच ना!"

"असं तू म्हणतोस," काका म्हणाले.

वीस वर्षं ज्याची टर उडवली गेली त्याच्या हातात पहिल्यांदा कागद आला होता, आणि त्याचा सगळ्यात जवळचा मित्र त्याला म्हणत होता, असं तू म्हणतोस. हिराजी मात्र रागावला नाही. कागद परत देत म्हणाला, "तुजी वही हाय. तुला पटंल तवा लिव." तो काकांना माझ्यापेक्षा जास्त ओळखत होता.

काकांनी फलक वहीत उतरवला. मग पत्रं सुरू झाली. त्या सामन्यात खेळलेल्या प्रत्येकाचा पत्ता मिळवायचा, कार्ड टाकायचं. अमुक सामन्यात अमुक फलंदाजाचा झेल कोणी घेतला, आपणास आठवते का? दोघांची उत्तरं आली. एकाने लिहिलं, आठवत नाही. दुसऱ्याने लिहिलं, मैदानावरचा कोणी मुलगा होता, फार सुंदर झेल होता, नाव ठाऊक नाही. काकांनी दोन्ही कार्डं जपून ठेवली. वहीत 'झे. बदली'च राहिलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात हिराजीला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग पेणचा डॉक्टर, मग मुंबई. पोटात पाणी झालं होतं. दिवाळीनंतर त्याला घरी आणून सोडलं. त्याची बायको जनाबाई एका रविवारी काकांच्या घरी आली. मी तिथेच होतो, आक्कांनी जेवायला बोलावलं होतं. जनाबाई दारातच बसली, आत यायला तयार होईना.

"भावजी, खानं सुटलंय त्यांचं. पानी पन जात नाय. येकच इचारतात, लिवला का. येक नाव तर हाय. लिवा ना."

काका उठून दारापाशी आले. मग म्हणाले, "वहिनी, आधार मिळाला की त्याच दिवशी लिहीन."

"आन् त्या आदी हे गेले तर?"

आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, भावाकडे बघून पुन्हा आत गेल्या. त्या दिवशी कोणाचं धड जेवण झालं नाही.

जनाबाई गेल्यावर मी काकांवर ओरडलो. आयुष्यात एकदाच. म्हटलं, "काका, तुमच्या वह्या वाचतं कोण? कोण तपासायला येणार आहे?"

"कोणी नाही," ते म्हणाले. "म्हणूनच."

मला ते उत्तर तेव्हा माणुसकीला सोडून वाटलं. मी रोह्याला खोलीवर आलो आणि एक पोस्टकार्ड घेतलं. डाव्या हाताने, मोडक्या अक्षरात लिहिलं. पत्रांना उत्तर न दिलेल्यांपैकी एका खेळाडूच्या नावाने. आपले कार्ड पोचले, उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व, तो झेल मैदानावरच्या हिराजी नावाच्या मुलाने घेतला, मी जवळच उभा होतो. मुंबईला माल घेऊन जाणाऱ्या आमच्या एका ड्रायव्हरला कार्ड दिलं आणि बजावलं, मुंबईतच पेटीत टाक. तो म्हणाला, टाकतो.

चार दिवसांनी काका काट्यावर आले तेव्हा कार्ड त्यांच्या वरच्या खिशात होतं. दिवसभर त्यांनी ते बाहेर काढलं नाही. संध्याकाळी एसटीला निघताना म्हणाले, "रविवारी हिराजीकडे जाऊ. तू पण ये. वही घेऊन जायचंय."

माझी छाती आनंदाने भरून आली. थोडी लाजही वाटली, पण आनंद जास्त होता.

त्या रविवारी दुपारी हिराजीच्या पडवीत निम्मं गाव होतं. काका वही घेऊन येणार ही बातमी आधीच पोचली होती. गावाने हिराजीला वीस वर्षं हसून घेतलं होतं, पण काट्यावरचा माणूस काय म्हणतो ते ऐकायला सगळे आले होते. हिराजीला भिंतीला टेकवून बसवलं होतं. खांदे तेवढे जुने राहिले होते, बाकी माणूस उरला नव्हता. डोळे हळदीसारखे.

काका त्याच्यासमोर पाटावर बसले. वही उघडून छातीशी धरली आणि अगदी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. नाणेफेक. सलामीचा फलंदाज, पायचीत. दुसरा, त्रिफळाचीत. एकेकाच्या धावा, आकाशवाणीच्या आवाजात. सहाव्या फलंदाजावर आल्यावर ते थांबले, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"झेल, बदली खेळाडू हिराजी, तालुका पेण."

जनाबाईने तोंडावर पदर घेतला. मागे कोणीतरी म्हणालं, "आयला, खरंच की."

"परत वाच," हिराजी म्हणाला.

काकांनी परत वाचलं. मग आणखी एकदा.

"शाईनं लिवलाय ना?"

काकांनी त्याच्याकडे बघितलं. "हो," ते म्हणाले. "काळ्या शाईने."

हिराजीने हात पुढे केला. काकांनी वही मिटली आणि मिटलेल्या वहीवर त्याचा हात ठेवून घेतला. हिराजी म्हणाला, "क्याप्टननं इचारलान तवा सांगायचा ऱ्हायला होता." एवढंच बोलला. त्या दिवशी त्याने पेज घेतली, जनाबाईने नंतर सांगितलं. आठवड्याच्या आत तो गेला.

त्यानंतर काका बदलले. त्याच हिवाळ्यात स्पर्धा आली, सामने झाले. मी पेपरातली पानं कापून नेली तर म्हणाले, "ठेव तिथे." कात्रणं तिथेच राहिली. डोळे दुखतात म्हणाले. काट्यावर गाडी आली की मला, नाहीतर वॉचमनला हाक मारायचे, आकडा बघायला लावायचे आणि आपल्या सहीशेजारी आमची सही घ्यायचे. ऑफिसने विचारलं, हे काय नवीन? काका म्हणाले, "माझ्या एकट्याची सही नको." सगळ्यांना वाटलं, म्हातारपण आलं. मित्र गेल्याने खचले, असं मी धरून चाललो.

पुढच्या वर्षी हिराजीच्या गावाने भात कापलेल्या शेतात टेनिस बॉलचे सामने भरवले. चषकाला हिराजीचं नाव. छापील हँडबिलात लिहिलं होतं, 'पश्चिम विभागाच्या सामन्यात अविस्मरणीय झेल घेणारे कै. हिराजी यांच्या स्मरणार्थ'. काकांना प्रमुख पाहुणे म्हणून नेलं. कोणी धावत जाऊन झेल पकडला की लाउडस्पीकरवरचा मुलगा ओरडायचा, "हिराजीचा झेल!" आणि लोक टाळ्या वाजवायचे. ज्या शब्दांनी त्या माणसाला वीस वर्षं टोचलं, तेच शब्द. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका जमिनीकडे बघत बसले होते. बक्षीस समारंभाआधीच त्यांनी छत्री उचलली आणि एसटी चुकेल म्हणून निघाले. एसटीला अजून दीड तास होता.

ते निवृत्त झाले, मी नोकरी बदलून गुजरातेत गेलो. दिवाळीला कार्ड यायचं, दोन ओळींचं. मग एका वर्षी कार्ड आलं ते आक्कांचं. मी पेणला पोचलो तेव्हा दिवस होऊन गेले होते. आक्कांनी सात वह्या माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाल्या, "रद्दीवाला दोनदा येऊन गेला. म्हटलं, आधी तुला विचारावं. त्याचं दुसरं कोणाला काय कळणार?"

त्यांच्या ओटीवर बसून मी ते पान उघडलं. खरं सांगायचं तर माझी करामत बघायला उघडलं. इतक्या वर्षांनी काळ्या शाईतलं ते नाव मला बघायचं होतं.

डाव्या पानावर सहाव्या फलंदाजापुढे लिहिलं होतं, 'झे. बदली'. त्यापुढे कोरी जागा, एक नाव मावेल एवढी. बाकी काही नव्हतं. कधी लिहून खोडल्याची खूणसुद्धा नव्हती.

उजव्या पानावर ती दोन खरी कार्डं चिकटवलेली. त्यांच्याखाली माझं. त्याच्या शेजारी लाल शाईने काकांचं बारीक अक्षर: 'शिक्का रोहा टपालाचा. अक्षर ओळखीचे. पुरावा नाही. मुलगा मायेचा आहे.'

ड्रायव्हरने कार्ड मुंबईला नेलंच नव्हतं. गेटबाहेरच्या पेटीत टाकून मोकळा झाला होता. काकांना पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं.

त्याच्याखाली ते हँडबिल, नीट घडी घालून चिकटवलेलं. छापील कागद, गावाचं नाव, हिराजीचं नाव, झेलाचा उल्लेख. दुसऱ्या कोणाच्या वहीत एवढं पुरलं असतं. शेजारी शेरा: 'याचा आधार मीच. धरता येत नाही.'

आणि पानाच्या अगदी तळाशी, जिथे ते सामन्याचा शेवटचा शेरा लिहायचे, तिथे: 'तोंडी सांगितले. लिहिणे बाकी.'

ताडपत्रीवरचं घागरभर पाणी ज्याने तोंडाने कमी केलं नाही, त्याने भरल्या पडवीत, मरणाऱ्या मित्राच्या डोळ्यांत बघून, तीनदा नसलेलं नाव वाचलं होतं. शाईने लिहिलंय म्हणून सांगितलं होतं. माझ्या कार्डाने फसून नव्हे, ते खोटं आहे हे पुरतं ठाऊक असताना. हिराजीला मोकळं करायचं आणि वही तशीच ठेवायची, याला एकच वाट होती, आणि त्या वाटेत स्वतःला खर्च करावं लागत होतं. ते त्यांनी केलं. आणि मग, खोटं बोललेल्या माणसाने इतिहास लिहू नये म्हणून, वीस वर्षांचं काम तिथेच थांबवलं. मी त्यांना माणुसकी शिकवायला गेलो होतो. त्याची लाज मला अजून वाटते.

माझ्या खिशात पेन होतं. मी ते काढलं, टोपण उघडलं. कोरी जागा समोर होती. हिराजी गेला, काका गेले, आता विचारणार कोण? आणि मग जसं काही खिडकीतून कोणी विचारावं तसं ऐकू आलं, कागद आहे का? मी टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमरापूरला गेलो. सुमनताईंचे केस पांढरे झाले होते, हात तसाच होता. एका मूर्तीचा एक डोळा आखून झाला होता, दुसरा व्हायचा होता. त्यांनी मान वर केली नाही.

"काका गेल्याचं कललं," त्या म्हणाल्या. "तू कशाला आलास?"

एका नावाचा कागद शोधायचाय, मी सांगितलं. त्यांनी दुसरा डोळा पुरा केला, ब्रश धुतला आणि पायाने रद्दीचा एक गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"बस," त्या म्हणाल्या. "गाडी परवा हाय."

मी गोणपाट ओढलं आणि वरची सुतळी सोडली.